दत्ताचं बोट

अंगात येणं, भानामती, मनकवडे... हे सगळं मी आयुष्यभर थट्टेवारी नेलं. सायन्सचा पदवीधर, त्यात स्वभावानं तिरसट. तरी हे लिहितोय, कारण माझी जळजळ अजून गेलेली नाही.

७१ सालचा उन्हाळा. राहुरीजवळ, मुळेच्या कालव्याला लागून आमचं शेत — बांधावरच्या आंब्याखाली भर दुपारी आम्ही चार मित्र बसलो होतो. हातभट्टीची बाटली आणि लहानपणीचा खेळ : चिमणी उड, कावळा उड. बोटं घोंगडीवर. उडणाऱ्याचं नाव आलं की बोट वर. जो म्हशीला उडवेल त्यानं कप रिकामा करायचा. राज्य माझ्यावर होतं.

दत्ता एकदाही चुकेना. नेहमीचंच. कबड्डीत तो पुढे, नोकरी त्याला आधी, आणि सुमनचं स्थळही त्यालाच. सुमन आमच्या गल्लीतली. ती मला आवडते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. चार दिवसांत त्यांची सुपारी फुटणार होती, आणि मी तिथे बसून त्याला चिमण्या-कावळे सांगत होतो.

मग लक्षात आलं — माझा शब्द निघायच्या आधीच त्याचं बोट उठतंय.

म्हटलं, बघूच. मनात धरला पोपट, आणि तोंडानं म्हणालो, "म्हैस उड." मी तोंड उघडायच्या आत त्याचं बोट वर गेलं होतं.

"म्हशीला पंख फुटलं का रं दत्त्या?" मी विचारलं. बाकीचे दोघे हसून लोळले. तो मुकाट प्यायला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"सांग फुडचं," तो म्हणाला.

मला काही सुचेना. डोक्यात एकच... सुमन माझी हाय, तुझी न्हाई. तोंडातून चकार शब्द काढला नाही, शपथेवर सांगतो.

दत्तानं घोंगडीवरचा हात काढून घेतला. "आदी बोलायचं हुतंस की," हळूच म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरी सांगितलं, मुलगी नको. वर्षभरात सुमनचं लग्न माझ्याशी झालं. शेवटी एकदा मी त्याच्या पुढे गेलो होतो.

७४ साली आमच्या मुलीच्या बारशाला दत्ता आला. जेवणं झाल्यावर पोरांनी त्याला खेळायला ओढलं — तोच खेळ. राज्य त्याच्यावर. गंमत म्हणून सुमननंही सतरंजीवर बोट टेकलं. मी दारात पान लावत उभा होतो.

दत्तानं अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि सुमनचं बोट वर गेलं. मागाहून आलं, "कावळा उड." पुन्हा तसंच. पुन्हा. तिचं तिला कळत नसावं. ती आपली पोरांशी हसत होती. दत्ता मात्र खाली मान घालून होता.

पाहुणे गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, आता राज्य माझ्यावर. तिनं हसत बोट टेकलं. मी सगळा जीव ओतून मनात म्हणालो, चिमणी उड.

"अहो, म्हणा की काहीतरी," ती म्हणाली.

हे काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. तिला विचारायची छाती झाली नाही. नातवंडं खेळायला बसली की मी अजून शब्द जरा उशिरा उच्चारतो... तिचं बोट सतरंजीवर तसंच वाट बघत राहतं.