दादासाठी शब्द

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. परदेशी साहेब आले की त्यांचं इंग्रजी कामगारांना आणि कामगारांचं गाऱ्हाणं साहेबांना सांगायचं, हे तिचं काम. तिचा थोरला भाऊ, दादा, तिथेच प्रेस मशीनवर होता.

काम भराभर उरकावं म्हणून मॅनेजरने मशीनपुढच्या संरक्षक जाळ्या काढायला लावल्या आणि बदल्यात जाड हातमोजे वाटले. कुरकुरत का होईना, सगळ्यांनी ते चढवले. दादाने मशीन बंद केलं आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला. हातमोजा बोटांसकट आत जातो, एवढंच म्हणाला. चार जणांनी समजूत घातली. पण दादाचं म्हणजे सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

शेवटी त्याला साहेबांसमोर उभं केलं. मध्ये ती. साहेबांनी तिला विचारलं, हा माणूस आहे तरी कसा? मॅनेजर तिच्या कानाशी लागला, ‘स्टबर्न’ म्हणा आणि विषय संपवा.

शब्दांची तिच्याकडे वानवा नव्हती. स्टबर्न म्हणजे आडमुठा, पाय रोवून उभं राहिलेलं गाढव. ऑब्स्टिनेट म्हणजे तेच गाढव, जरा शिकलेलं. रिजिड ही वाळकी काठी. अ‍ॅडमंट त्यातल्या त्यात बरा, ठाम. पण त्यालाही कपाळावर आठी होतीच. ती म्हणाली, ‘प्रिन्सिपल्ड’. तत्त्वाचा माणूस. याहून चांगला शब्द तिला ठाऊक नव्हता.

साहेबांनी मान डोलावली आणि दोन वाक्यं बोलले. ती तिलाच सांगावी लागली.

“दादा, साहेब म्हणतात, तत्त्वाच्या माणसांबद्दल त्यांना आदर आहे. उद्यापासून तू येऊ नकोस.”

“बरं,” दादा म्हणाला.

आत काहीतरी हलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. काही हललं नाही. दुपारी साहेबांची रंग पुरवणाऱ्यांशी बोलणी होती. तिथे ती एकदाही अडखळली नाही.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. वहिनी भांडी घासत होती. साहेबांना माझ्याबद्दल काय सांगितलंस, असं दादाने विचारलं, तेव्हा तिने तो शब्द सांगितला, टाकून दिलेलेही सांगितले.

वहिनी मागे न वळता म्हणाली, “इंग्रजीत एवढे शब्द आहेत होय? मी आपली इतकी वर्षं नुसतं ‘अहो’वर भागवतेय.”

दादा हसला. तीही हसली, म्हणजे तोंड तसं झालं.

पुढे दादा कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात लागला. काही महिन्यांनी कारखान्याची सरकारी तपासणी झाली आणि जाळ्या गुपचूप जागेवर आल्या. दादाला बोलावणं गेलं, तो आला. परत ये, तेव्हा गैरसमज झाला होता एवढं फक्त कबूल कर, असं साहेबांचं म्हणणं तिने सांगितलं.

“कुणाचा गैरसमज?” दादाने विचारलं.

“तुझा,” मॅनेजर म्हणाला.

“मग नाही.”

तिने साहेबांना ‘नो’ सांगितलं. यात शोधण्यासारखं काही नव्हतं. दादा नमस्कार करून निघून गेला. साहेबांनी हात धुण्याच्या गळक्या नळांचा विषय काढला, आणि ती मॅनेजरला तो सांगू लागली.