एका तोंडाचे शब्द

गेल्या वर्षी बिशपसाहेबांना माती दिली, त्या दिवशी चर्चच्या आवारात भाषणं बरीच झाली. तेलुगूत झाली, इंग्रजीत झाली, एका पुढाऱ्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत केलं. त्यांनी बांधलेल्या शाळा निघाल्या, दवाखाना निघाला. त्यांच्या शब्दकोशाबद्दल एकजण एकच वाक्य बोलला, तेही कोशाचं नाव चुकवून. मी मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून उभी होते. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मी रडतेय. रडत होतेच, पण निम्मं रागानं.

मी आदिलाबादेत मराठी शाळेत शिकवायची. साहेब मूळचे मंगळूरकडचे, घरची भाषा कोंकणी. तरुणपणी पाद्री म्हणून या भागात आले ते इथलेच झाले. तेलुगू शिकले, गोंडी शिकले आणि म्हातारपणी आमच्या सीमेवरच्या मराठीच्या मागे लागले. बिशपपदावरून उतरल्यावर लोकांना वाटलं, आता हा माणूस माळ जपत बसेल. यांनी चर्चमागच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे मांडले आणि त्यांत शब्दांची कार्डं भरायला लागले. त्यांचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. मग दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन चिठ्ठ्यांवरचे शब्द कार्डांवर उतरवून द्यायची.

सासूबाईंना धाकधूक होती. तिथे धरम तर नाही ना बदलवत, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, साहेब माझ्यासमोर देवाचं नाव काढत नाहीत, वांग्याचं मात्र दर शनिवारी काढतात. वांग्याच्या किडीला, देठाला, वाळलेल्या झाडाला इकडच्या बाया काय म्हणतात, याचंच त्यांना वेड होतं.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक कार्डावर दोन रकाने. शब्द ज्यानं सांगितला तो पहिल्यात. दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या घरात राहणारं असं माणूस, ज्यानं तो शब्द ऐकून 'हो, आमच्यातही म्हणतात' असं सांगितलं असेल. दुसरा रकाना भरेपर्यंत कार्ड वेगळ्या डब्यात पडून राहायचं. त्या डब्याला ते 'एका तोंडाचे शब्द' म्हणायचे. ते छापायचे नाहीत. इतकी काटेकोर शिस्त कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की एकट्याच्या तोंडचा शब्द त्याच्या मनचाही असू शकतो, दुसऱ्यानं हो म्हटलं की ती भाषा होते. हट्टी माणूस होता. हा नियम त्यांनी कुणासाठीच वाकवला नाही.

महिनाभरानं एका चिठ्ठीवर पहिल्या रकान्यात मी वाचलं, 'भाजीवाली बाई, नेरडीगोंड्याकडची'. शब्द वाचला आणि माझा हात थांबला. ती माझी आई होती.

आमचं गाव हायवेपासून आत. आई विहिरीच्या काठावर भाजी पिकवायची आणि आठवडी बाजाराच्या दिवशी टेम्पोनं आदिलाबादला येऊन पोतं अंथरून बसायची. भेद्रं, म्हणजे आमच्याकडचे बारके आंबट टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, आंबाडी, असले वाटे लावायची. त्याच भाजीवर मी शिकले. पण माझं सासर मुधोळच्या दुकानदारांचं, आणि शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माहेरी गावात किराणा आहे. एकदा बोलून बसले आणि मग ते निस्तरायची हिंमत झाली नाही. बाजारात गेलेच तर आईच्या रांगेवरून जात नसे. कधी चुकून नजरानजर झाली तर तीच मान वळवून कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागायची. हे आमच्यात कधी ठरलं नव्हतं. तिनं ते आपलं आपण ठरवलं होतं.

साहेब दर बाजाराला पालथ्या टोपलीवर तिच्यासमोर जाऊन बसत. तिच्याकडे शब्दांची खाण आहे, असं कौतुकानं सांगत. कपाशीच्या पऱ्हाटीला अगदी शेवटी जी अर्धवट उमललेली बोंडं उरतात, ती वेचण्याला तिच्याकडे शब्द होता. तान्हं लेकरू झोपेत हसतं, त्या हसण्याला वेगळा होता. आजाऱ्याच्या तोंडाला पहिल्यांदा चव येते, त्यालाही होता. यातला एकेक शब्द मी तिच्या मांडीवर ऐकलेला. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि विचारत, "बाई, तुमच्या घरी हे म्हणतात?"

मी म्हणायची, "आमच्यात नाही म्हणत."

शिकलेल्या बाईनं असं म्हणायची आमच्याकडे रीतच होती. घरची बोली म्हणजे खेडवळ, ती शाळेच्या पायरीवर काढून ठेवायची. मी वर्गात मुलांनाही तेच शिकवत आले. बाजारातल्या दुसऱ्या बायाही साहेबांपुढे लाजून नाहीच म्हणत. मी नाही म्हटलं की साहेब मान हलवत आणि कार्ड त्या डब्यात टाकत. तीन वर्षांत तो डबा भरला, मग दुसरा भरला. त्यांतली बहुतेक कार्डं माझ्या आईची होती आणि सगळी माझ्या सुंदर अक्षरात होती.

एका शनिवारी त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. बाराव्या वर्षी त्यांना पाद्र्यांच्या शाळेत घातलं. पुढं कितीतरी वर्षांनी घरी गेले, तर आईशी बोलायला तोंडात नुसती पुस्तकातली भाषा उरलेली. ती जेवायला वाढताना काहीतरी म्हणाली, ते यांना कळलंच नाही. ती हसली आणि पाहुण्याशी बोलावं तसं सोपं करून बोलायला लागली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते, पण मी पेनात शाई भरत बसले.

मग आईनं अंथरूण धरलं. बाजार सुटला. ती जागा रिकामी दिसायला लागली तसे साहेब कासावीस झाले. त्यांचेही हात आता थरथरायचे आणि छापखान्यात पुस्तक द्यायची वेळ आली होती. त्या भाजीवालीचं गाव कुठलं ते शोधून द्याल का, असं त्यांनी मला विचारलं. बघते, असं मी म्हटलं. दर रविवारी मी त्याच गावाला जाऊन आईचे पाय चेपून येत होते. दोन-तीनदा विचारून त्यांनी विषय सोडला.

आई थंडीत गेली. तेरवीच्या दिवशी गावात पंगत उठत होती, तेवढ्यात दारात जीप थांबली. ड्रायव्हरच्या खांद्याला धरून पांढऱ्या झग्यातले बिशपसाहेब उतरले. बाया कुजबुजल्या. माझ्या नवऱ्यानं पुढं होऊन त्यांना बाजेवर बसवलं. आता हा माणूस मला इथं बघून काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं. शेवटी जवळ गेले आणि म्हटलं, "माझी आई होती, साहेब."

ते जराही चमकले नाहीत. "ठाऊक आहे," म्हणाले.

पहिल्याच वर्षापासून ठाऊक होतं. ते माझ्या हातची कार्डं बाजारात नेऊन आईला वाचून दाखवत. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं अक्षर ओळखता येत होतं. तिनं कार्ड हातात घेतलं, पदराला हात पुसून पुन्हा बघितलं आणि त्यांना सगळं सांगून टाकलं.

मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, आता लिहा माझं नाव दुसऱ्या रकान्यात. सगळ्या कार्डांवर लिहा. हे सगळे शब्द माझ्याही घरचे आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की पुस्तक गेल्याच महिन्यात छापून झालं. ते दोन डबे मागे राहिले. आता हे हात दुसरं पुस्तक करायचे नाहीत.

तेव्हाही मला त्यांचाच राग आला. तुम्हाला ठाऊक होतं तर मला एकदा सरळ विचारायचं होतं, असं मी जवळजवळ भांडूनच म्हणाले. ते म्हणाले, विचारणार होतो, पण आधी तुमच्या आईची परवानगी मागितली. मुलीशी बोलतो, ती हो म्हणाली की तुमचे सगळे शब्द पुस्तकात येतील, असं त्यांनी तिला समजावलं होतं. तिनं नको म्हणून हात जोडले. म्हणूनच ते इतकी वर्षं मला 'तुमच्या घरी म्हणतात का', एवढंच विचारत राहिले.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

साहेबांनी डोळे मिटले. तिचं बोलणं त्यांनी तिच्याच भाषेत, एकही अक्षर न सुधारता सांगितलं, "सबद गेले तं जाऊ द्या, बाबा. माह्या पोरीची मान खाली नाई झाली पाह्यजे."

मी 'माय वं' म्हणून मोठ्यानं रडले. अंगणात सासरचे होते, शाळेतल्या बाया होत्या. चार लोकांत मी तिला पहिल्यांदाच हाक मारत होते.