मागं बसणाऱ्यानं मला धरायचं नाही

फटफटीवरून पडल्याची माझी गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली. घरी सांगताना ती हसवणारी असते, ऑफिसात सांगताना धाडसाची. दोन्हीकडे मी एकटाच पडलेला असतो. आता पन्नाशी उलटली, आणि एकदा तरी ती झाली तशी लिहावी म्हणून बसलो आहे. लिहून मन हलकं होईल अशी आशा नाही.

पंचायत समित्या नुकत्याच झाल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी महागाव भागात शेतीकडचा विस्तार अधिकारी म्हणून लागलो. वय सव्वीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ऑफिसला कुठल्या तरी दुसऱ्या खात्यानं टाकून दिलेली एक जुनी फटफटी मिळाली. ती कुणाला द्यायची यावरून दोन महिने भांडण झालं. मी म्हणालो, मला चालवता येते. येत नव्हती. यवतमाळला मित्राच्या फटफटीवर पोलीस मैदानाला चार फेऱ्या मारल्या होत्या, एवढंच. लायसनही पक्कं नव्हतं.

मैदानात वारा नसतो, किंवा असला तरी कळत नाही. तो कळला फुलसावंगीच्या रस्त्यावर. तिकडं मैलोगणती कपाशीची रानं, उन्हाळ्यात पार उघडी पडलेली, पऱ्हाट्या उपटून नेलेल्या. वारा अडवायला काही नाही. चैत्र लागला की दुपारी वारा सुटायचा. आमच्याकडं त्याला वावधन म्हणतात. सरळ समोरून आला तर छातीवर हात ठेवून कुणी मागं रेटतंय असं वाटे, ते तरी चालून जाई. बाजूनं आला की मात्र गाडी रस्त्याच्या कडेला सरके, जशी काही ती माझी नव्हतीच. सदऱ्याच्या बाह्या फडफडून दंडावर चापटा मारायच्या. डोळ्यांत माती, नाकात माती. एखादा ट्रक समोरून गेला की आधी ढकलायचा, मग ओढून घ्यायचा. मी हँडल इतकं आवळून धरायचो की मुक्कामावर पोचल्यावर बोटं सरळ होत नसत. त्या वाऱ्याचा मला राग यायचा, माणसाचा यावा तसा.

माझ्या मागं ऑफिसचा चपराशी बसायचा. पन्नाशीचा, उंच, जवळच्याच एका तांड्यावरचा बंजारा. तांड्यांवर गोरबोली बोलायला आणि बियाण्याची पिशवी, कागदांचा बस्ता सांभाळायला तो लागायचा. त्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. स्वतः हा शेती आणि नोकरी दोन्ही करी.

पहिल्याच दिवशी निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्टँडवरचा चहावाला ओरडला, "काय साहेब, सासऱ्याले कुठं घेऊन चालले?"

बाकावरची सगळी हसली. कुणी तरी म्हणालं, "पोरीले पाहाले चालले असतीन."

माझे कान तापले. आमचं घर कोर्टकचेरीवाल्यांचं. वडील शिरस्तेदार. दारी आलेला चपराशी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावाबाहेर आल्यावर मी गाडी थांबवली आणि त्याला म्हणालो, "हे बघ, मला हात लावायचा नाही. खांद्याला नाही, कमरेला नाही. मागचं कॅरियर धर. आणि अंतर ठेवून बस."

"जी," तो म्हणाला.

महिनाभर तो तसाच बसला. दोन्ही हात मागं कॅरियरला, बस्ता मांडीवर, छाती वाऱ्याला उघडी. मागं असा ताठ खांब रोवल्यावर वारा त्यालाच धरून गाडी हलवायचा. मला ते समजत नव्हतं. तो समजून होता.

एकदा विहिरीवर पाणी प्यायला थांबलो तेव्हा तो बोललाच. "साहेब, रागावसान नाई तं एक सांगू?"

"सांग."

"तुमी वाऱ्यासंग भांडून राह्यले. हात ढिले सोडा, गुडघ्यानं गाडी धरा. अन् मले जवळ बसू द्या. आमचा बा म्हने, ओझं बैलाच्या अंगाले चिकटून पायजे. ढिलं ओझं असलं का वावधनात बैल पडते."

"म्हणजे मी बैल काय?"

"बैल नाई म्हन्लो, साहेब." त्यानं तोंड पुसलं. "बैल आयकते."

मला हसू यायला हवं होतं. आज येतं. त्या वेळी मी त्याला पुढचे चार मैल चालत यायला लावलं. बस्ता त्याच्याच डोक्यावर.

त्यानंतर तो बोलला नाही. पण त्यानं सांगितलेलं मी चोरून करून पाहिलं होतं. तो मागं नसताना हात ढिले सोडले, गुडघे टाकीला लावले, आणि गाडी खरोखर निवली. तो मागं असला की मुद्दाम पुन्हा आवळून धरायचो. त्याचं खरं होतं हे त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

पडलो तो वैशाखातला दिवस. दुपारी अडीच-तीनचा सुमार. रस्त्याच्या डाव्या अंगाला एका तलावाची उंच पाळ आहे. वारा डावीकडून होता, म्हणून मी गाडी डावीकडं कलती ठेवून चाललो होतो. पाळीच्या आडोशाला आलो आणि वारा एकाएकी बंद झाला. गाडी डावीकडं घसरत गेली, मी ती ओढून सरळ केली. बरं वाटलं. आडोशात वेग वाढवला. पाळ कुठं संपते ते समोर दिसत होतं. मागून तो ओरडला, "साहेब, पाळ सरली! हळू!" त्यानं सांगितलं म्हणून मी हळू केली नाही.

पाळ संपली आणि वाऱ्याचा असा तडाखा बसला की पुढचं चाक उजवीकडं गेलं. मी होतं नव्हतं ते बळ लावून हँडल आवळलं आणि ब्रेक दाबला. खाली मुरूम होता.

आता जे लिहितो ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. गाडी आडवी होण्याआधी माझ्या पाठीला त्याची बोटं लागली. सदरा चिमटीत आला होता. आणि ती बोटं सुटली. निसटली नाहीत. त्यानं ती काढून घेतली. मला हात लावायचा नाही, हे त्याला त्या क्षणीही आठवलं.

मी गाडीसोबत घसरलो, कोपर सोलवटलं. तो उडाला आणि रस्त्यासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर कमरेवर आपटला. उठून मी आधी गाडी पाहिली. हँडल वाकलं होतं. मग त्याच्याकडं गेलो. त्याचा पाय भलतीकडंच वळलेला होता. तो ओरडत नव्हता, माझ्याकडं बघत होता. कपाशीची सरकी नेणारी एक बैलगाडी आली, तिच्यात त्याला घातला. खुबा मोडला होता. हाड धड बसलं नाही ते नाहीच.

ऑफिसात मला अहवाल द्यायचा होता. चूक माझी निघाली तर पक्कं लायसन नसताना सरकारी गाडी चालवली हेही निघणार, आणि नोकरी कायम व्हायला दीड महिना उरलेला. मी लिहिलं, "सदर चपराशास धरून बसण्याविषयी वारंवार सूचना देऊनही त्याने हलगर्जीपणा केला." अक्षर माझं चांगलं होतं.

तो कुबडी घेऊन चालू लागल्यावर मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं.

"का रे, धरून का नाही बसलास?"

"यायनंच सांगतलं, हात लावू नोको म्हून."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"खोटं बोलतो," मी म्हणालो.

"मी काहून खोटं बोलू? इचारा त्या चहावाल्याले, पयल्या दिवशी कसा हासला तं."

चहावाल्याला कोण विचारतो? साहेबांनी कागद उलटापालटा केला आणि सहज विचारावं तसं मला विचारलं, "प्यायला होता का?"

त्यानं दारू सोडून दहा वर्षं झाली होती. तांड्यावर देवीसमोर सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता त्यानं. मला हे माहीत होतं, त्यानंच सांगितलेलं. मी फक्त खाली पाहिलं. साहेबांना तेवढं पुरलं. त्याची नोकरी गेली. मी कायम झालो.

तीन वर्षांनी मला त्याच्या तांड्यावर जावं लागलं, बियाणं वाटपासाठी, बसनं. फटफटी मी तोवर सोडली होती. कडुलिंबाखाली माणसं बसली होती, तांड्याचा नाईक मध्ये. तो दूर, गोठ्याच्या भिंतीला टेकून एकटाच. वाटप झाल्यावर तो उठला, कुबडी टेकत आला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"साहेब, आता आलेच हात तं सांगून जा. हे लोक मले पंचात बसू देत नाईत. म्हनतात देवीचा शब्द मोडला, पिऊन पडला. तुमी होते. सांगा."

नाईकानं माझ्याकडं पाहिलं. "सांगा ना जी. पेला होता का नाई?"

बाजूला ग्रामसेवक बसला होता. इथला शब्द संध्याकाळच्या आत ऑफिसात पोचवणारा माणूस. वरच्या जागेसाठी माझं नाव जाणार होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

"त्या दिवशी वारा फार होता," मी म्हणालो. "कोणाचाच दोष नव्हता."

"वाऱ्याचं नाई इचारत," नाईक म्हणाला. "पेला होता का?"

"मी मागं पाहिलं नव्हतं."

तो कुबडी टेकत माझ्या अगदी जवळ आला. मला वाटलं, मारतो. मारावं असंही वाटलं. त्यानं मोकळा हात उचलला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्या तांड्यादेखत तिथंच ठेवून उभा राहिला. हात जड होता. मी हललो नाही.

"पाहा," तो नाईकाला म्हणाला, "आता काई म्हनत नाई."

मग हात काढला, वळला आणि कुबडी टाकत गोठ्याकडं निघून गेला. पंचांच्या बैठकीत त्याला पुन्हा जागा मिळाली की नाही, मी कधी विचारलं नाही.

मी आल्यावर पाण्याचा तांब्या आला होता, तो माझ्यापुढं तसाच भरलेला होता. नाईकानं तो उचलून मागच्या पोराकडं दिला.

"साहेब," तो म्हणाला, "बस निघून जाईन तुमची."