बाईंनी वितळवलेले नर्तक

नलिनीबाईंची आणि माझी पहिली भेट गाझियाबादला, त्यांच्या कार्यशाळेत झाली. कलाशाळेची पदवी घेऊन मी रुबाबात गेलो होतो. बाईंनी माझ्या हाती चाळणी दिली. "अच्छा, आधी माती चाळ," म्हणाल्या. ब्राँझचं ओतकाम मी तिथेच शिकलो. पुढे मी तापाने फणफणलो तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, मऊ भात करून घातला.

पंचाहत्तरीनिमित्त बाईंच्या कामाविषयी लिहायचं, तर अपाची नर्तकांविषयीच लिहायला हवं. अमेरिकेतल्या या आदिवासींच्या विधिनृत्याचे फोटो बाईंनी एका पुस्तकात पाहिले आणि चार मुखवटेधारी नर्तक ब्राँझमध्ये घडवले. डोक्यावर उंच मुकुट, उचललेली पावलं. इतकं जिवंत काम त्यांच्याही हातून पुन्हा झालं नाही.

दिल्लीत आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरलं. रिवाजाप्रमाणे आम्ही समई लावली, नारळ फोडला. उत्साहाच्या भरात मी चारही नर्तकांना झेंडूचे हार घातले, मुखवट्यांना कुंकू लावलं. पाहुण्यांमध्ये एक वयस्कर अपाची गृहस्थ होते, कुठल्याशा परिषदेसाठी आलेले. त्यांनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"आम्ही पूजाच केली आहे, सन्मान आहे हा," मी पुढे होऊन इंग्रजीत समजावलं.

"आमच्या घराण्यात यांच्या मूर्ती करत नाहीत," ते हळू म्हणाले. "तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र मागे सरल्या नाहीत. "कुणालाच नाही. चूक माझी आहे. आता काय करावं?"

"ते तुम्ही ठरवा," म्हणून ते गृहस्थ निघून गेले.

"गुडगावच्या एखाद्या हॉटेलला देऊन टाका, कोण बघतंय यार!" असं मंडळींचं मत पडलं. सांगायला शरम वाटते, मीही मान डोलावली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चलो, भट्टी पेटव," एवढंच मला म्हणाल्या. नर्तकांचे तुकडे मुशीत टाकताना त्यांचे डोळे वाहत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

हा लेख लिहू का, असं परवा त्यांना विचारलं.

"बिल्कुल लिही. पण वितळवले हा माझा मोठेपणा म्हणून लिहू नकोस. मला अजून लाज वाटते, तसंच लिही."

तसंच लिहिलं आहे, बाई. खूप जगा, ठणठणीत राहा.