शेवग्याखाली खोकायची शिकवणी

आमच्या गल्लीत सकाळ आबांच्या घशाने होते. आबा म्हणजे माझे सासरे. उजाडायच्या आधी ते अंगणातल्या मोरीवर उभे राहतात आणि असा घसा खाकरतात की समोरच्या घरात दिवा लागतो. दूधवाला म्हणतो, मला मोबाइलचा गजर लावावा लागत नाही. आणि त्याच घरात मी इतकी वर्षं शिंकसुद्धा पदरात जिरवत आले. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा त्या तशाच वागायच्या, त्यांचं पाहून मी शिकले. सुनेचा आवाज ओसरीपर्यंत जाऊ नये, मग तो हसण्याचा असो की खोकल्याचा.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा चुका असतील. पण यंदाचं वर्ष असं गेलं की लिहून ठेवावंसं वाटलं.

थंडीत मी नेहमीसारखी मखमलाबादच्या बागांमध्ये द्राक्षांच्या विरळणीला जात होते. घडातले बारीक मणी कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले चांगले फुगतात. तिथे खोकला लागला. बरोबरच्या बायका म्हणाल्या, फवारणीचा आहे, जाईल. बागेत थोडंफार सगळ्याच खोकतात, म्हणून मीही तेच धरून चालले. मग संध्याकाळी अंगात कणकण येऊ लागली आणि पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं.

त्याच दिवसांत येवल्याहून लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला घरी आणायचं, बाळंतपण माझ्या हाताखाली करायचं, हे मी तिच्या लग्नाआधीच मनात ठरवून ठेवलं होतं. मी जुनी मऊ लुगडी दुपट्यांसाठी काढायला लागले. तेवढ्यात आमच्या यांनी मला धरून आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या सिस्टरने हातात एक डबी दिली. "ताई, मोकळ्या हवेत जायचं, खोल श्वास घ्यायचा आणि आतून बेडका काढायचा. थुंकी नको बरं का."

मी इमारतीच्या मागे गेले. तिथे गाड्यांपाशी पुरुष उभे होते. मी पाठ फिरवली, हळूच तोंडातलं पाणी डबीत सोडलं, झाकण लावलं आणि डबी स्वच्छ पुसून सिस्टरला दिली. मला वाटलं, किती नीट काम केलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने परत बोलावलं. ती हसत म्हणाली, "ही थुंकी आहे, ताई. यात जंतू सापडायचा कुठून? तो असला तर छातीत असणार." तिने नवी डबी दिली. "उद्या सकाळी उठल्या उठल्या घरीच काढा."

सकाळी मी स्वयंपाकघराचं दार लावलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रिकामा मिक्सर सुरू केला आणि त्याच्या घरघरीत खोकायला लागले. बाहेरून आबांचा आवाज आला, "पहाटं पहाटं कसली चटणी वाटती गं, सूनबाई?"

मी घाबरून मिक्सर बंद केला. डबीत पुन्हा पाणीच होतं. सिस्टर या वेळी हसली नाही. म्हणाली, "क्षय असेल तर तो वाट बघत बसत नाही. घरात कोण कोण असतं?" मी सांगितलं, आणि लेक येणार आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग तर लवकर कळलं पाहिजे. आणि दार लावून नाही हं, बाहेर उघड्यावर."

घरी येऊन यांनी सगळं आबांना सांगितलं. मी आत भाकरी थापत होते, ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "एवढंच हाय व्हय? हे तर मला येतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते अंगणाच्या टोकाला शेवग्याखाली गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "सूनबाई, मी तिकडं तोंड करून हाय. तू बी पाठ कर. मी तुला बघणार नाय, तू मला बघू नको. आता माझ्यामागून कर. गळ्यातून नाय, बेंबीपासून काढायचं."

त्यांनी खाकरलं. मी खोकले.

"हे मांजराचं झालं. परत."

मी परत खोकले.

"आता शेळी. अजून खाली जा."

भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली. "आबा, सकाळच्या पारी काय चाललंय हे?"

"शाळा भरलीय," आबा म्हणाले. "तुला नाव घालायचंय का?"

मला हसू आलं. ते दाबायला गेले आणि खालून असा खोकला उसळला की डोळ्यांना पाणी आलं. डबीत जे पडलं ते कौतुकाने सांगण्यासारखं नाही, पण सिस्टर ते पाहून म्हणाली, "आता कसं."

तिथे एक मशीन आहे. पूर्वी काचेवर नमुना घेऊन जंतू डोळ्याने शोधायचे. हे मशीन त्याच दिवशी सांगतं की क्षय आहे का, आणि नेहमीचं मुख्य औषध त्याला लागू पडेल का. माझ्या नमुन्यात क्षय निघाला आणि ते औषध त्याला लागू पडणार नव्हतं. डॉक्टर मॅडम हे बोलल्या तेव्हा मला माझी मावसबहीण आठवली. तिला असलाच क्षय होता. जवळजवळ दोन वर्षं औषध चाललं, कितीतरी महिने सुया, आणि सुयांनी तिचे कान गेले.

मॅडमनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. म्हणाल्या, "ते जुनं झालं. आता नवीन गोळ्या निघाल्यात. बहुतेकांचं सहा महिन्यांत होतं. सुई नाही."

मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ऐकू आलं नाही, मोठ्याने बोला."

मग मी बेंबीपासून विचारलं, "माझी लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी येईल का?" बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं.

"आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवू नका. तपासण्या चांगल्या आल्या की मी स्वतः सांगेन, आणा म्हणून."

गोळ्या सुरू झाल्या. मधूनमधून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढायची, रक्त तपासायचं. सुरुवातीला मळमळ व्हायची, पुढे पायांना मुंग्या यायच्या. ते सांगितलं की मॅडम औषध बघून द्यायच्या. आबांचा आणि यांचा छातीचा फोटो काढला, दोघांच्या छात्या स्वच्छ निघाल्या. सिस्टरने सांगितलं, हल्लीच खेडोपाडी अभ्यास करून असं दिसलंय की आजाऱ्याच्या घरातले सगळे पोटभर डाळ-दाणे खात असतील, तर त्यांच्यातले कमी जण आजारी पडतात. तेव्हापासून आबा शेंगदाण्याचा लाडू औषध म्हणून मागायला लागले. जेवण झालं की ते खाटेवर बसून विचारायचे, "घेतली का?" मी रिकामी पट्टी दाखवायची, मग ते लाडवाला हात घालायचे.

मी मास्क लावून ओसरीत खिडकीपाशी झोपत होते. विहीणबाईंचा फोन आला. बाई चांगली आहे, पैठणीच्या मागावर बसता बसता माझ्याशी तास तास बोलते. म्हणाली, "ताई, तुम्ही तब्येतीला जपा. बाळंतपण आम्ही करू की इथंच. ती काय आम्हाला परकी हाय का?" मी हो म्हणाले. त्या रविवारी दुपट्यांचं गाठोडं परत पेटीत ठेवलं.

दर महिन्याला नमुना द्यायचा. आम्ही दोघं शेवग्याखाली पाठीला पाठ करून उभे राहायचो. मला आता चांगलं जमायला लागलं होतं, पण छाती कोरडी होत चालली होती. खूप खाकरूनही थोडंच यायचं. आबा म्हणाले, "आता कुठं चेला तयार झाला आन माल संपला."

हे मी सिस्टरला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आता नवीनच कळलंय. ज्यांना बेडका येत नाही त्यांच्या जिभेवरून कापसाची काडी फिरवायची, त्यातसुद्धा जंतू सापडतो. बेडक्याइतकं पक्कं नाही, पण पुढे कुणी लाजाळू बाई आली तर तिची सोय होईल."

घरी हे ऐकून आबांचं तोंड उतरलं. "म्हंजे माझी विद्या गेली वाया," म्हणाले. दुसऱ्या दिवशी घसा खाकरला तोही हळूच. दूधवाल्याने यांना विचारलं, म्हातारा बरा आहे ना.

मशीनशिवाय आणखी एक तपासणी असते. नमुना उबेत ठेवतात आणि त्यातून जंतू उगवतो का ते पाहतात. त्याला आठवडे लागतात. लेकीला सातवा लागत आला होता आणि निकाल यायचा होता. मी कामात मन घालत होते, पण भाजीत दोनदा मीठ पडत होतं.

एका दुपारी मॅडमचा फोन यांच्या मोबाइलवर आला. यांनी तो माझ्या हातात दिला. "काही उगवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्या नमुन्यातही नाही, याही नाही. गोळ्या पूर्ण करायच्या आहेतच. पण लेकीला आणा."

मी तेच यांना सांगितलं. आबा खाटेवरून विचारत होते, काय झालं, काय झालं. यांनी सांगितलं. आबा चपला घालून निघाले आणि पेढे घेऊन आले. गल्लीत वाटताना प्रत्येकाला सांगत होते, "जन्मभर शेती केली. काय उगवलं नाय म्हणून पेढे पयल्यांदाच वाटतोय."

विहीणबाईंनी डोहाळजेवण केलं आणि लेकीला जावयाबरोबर एसटीने पाठवलं. ती दारात आली तेव्हा सवयीने माझा पदर तोंडावर गेला आणि मी एक पाऊल मागे सरले. तिने पदर खाली ओढला. "आई, मॅडमनी सांगितलंय ना," म्हणाली आणि पोटासकट मला येऊन भिडली. ती आंघोळीला गेल्यावर मी पेटी उघडली.

गोळ्या संपल्या, शेवटची तपासणीही चांगली आली, आणि मग लेकीला मुलगी झाली. घरी आणली त्या दिवशी नात भुकेने अशी ओरडली की भिंतीपलीकडची शेजारीण पुन्हा डोकावली. आबा लांब उभे राहून ऐकत होते, गवई ऐकावा तसे.

"हिला शिकवायचं काम नाय," ते म्हणाले. "बेंबीपासूनच येतंय."

मी त्यांच्यासमोर हसले, ओसरीपलीकडे गल्लीपर्यंत जाईल असं. आबांनी वळून पाहिलं. "हां," म्हणाले, "तुझं बी आता बरं हाय."