अर्धी बांधी

घासाघीस मी मूल गावच्या बाजारात बांबूच्या टोपल्या विकताना शिकलो. शेतकी कॉलेजात ती कोणी शिकवली नाही, पण पुढे भातसंशोधनाच्या नोकरीत तीच जास्त कामी आली.

एका शेतकऱ्याशी दुपारभर हुज्जत घालून मी त्याची एक बांधी, म्हणजे भाताचा बांधलेला तुकडा, प्रयोगासाठी मिळवली. अर्ध्या भागात आमचं सुधारित धान, अर्ध्यात त्याच्या घरचं जुनं, गावात दुसऱ्या कोणाकडे नसलेलं. मध्ये धुरा, मातीचा बांध. त्याची अट एकच.

"पानी दोघाईले सारखं. नाईतं तुमच्या धानाचं कवतिक मले सांगू नका."

मी शब्द दिला. आमच्या शास्त्रातही तोच पहिला नियम आहे : जे तपासायचं तेवढंच वेगळं, बाकी सगळं सारखं.

कार्तिकात तलावाचं पाणी सुटलं तेव्हा मी दुसऱ्या गावच्या बांध्या पाहायला गेलो होतो. परतलो तर नव्या धानात पाणी उभं आणि जुन्याकडची जमीन भेगाळलेली. वरच्या कचेरीतून पाहुणे येणार म्हणून आमच्या साहेबांनी जुन्याकडची पाण्याची वाट चिखलानं बुजवून घेतली होती.

मी पाहुण्यांसमोरच भडकलो. "ही तुलना नाही, नाटक आहे!"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "हा मूलचा बाजार नाही."

पाहुणे नव्या लोंब्या हातात घेऊन वाखाणत राहिले. अहवालात नवं धान जिंकलं आणि माझी बदली झाली. तो अहवाल कोणी पुरावा म्हणून पुढे केला की अजून माझं डोकं तापतं.

जाण्याआधी शेतकऱ्याकडे गेलो.

"मंग कोनता चांगला, भाऊ?"

"सांगता येत नाही. पुन्हा लावून पाहावं लागेल. जुनं बियाणं तेवढं राखून ठेवा."

"सायेबानं त सांगून टाकलं. तुमाले काऊन नाई सांगता येत?"

"भांडाले मात्र चांगलं येते!" त्याची बायको आतून म्हणाली.

पुढे रजा काढून पुन्हा त्या गावी गेलो. जुनं धान त्यांनी त्याच वर्षी कुटून खाल्लं होतं. बियाण्याला मूठभरही उरलं नव्हतं. नवं बरं पिकत होतं, ते मी नाकारत नाही. जुनं त्याहून बरं पिकलं असतं का, हे आता कोणालाच कळणार नाही.

बाईंनी मला जेवायला बसवलं, नव्या धानाचा भात वाढला.

"कसा हाये?" त्यानं विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणालो. जुन्याचा मी कधी खाल्लाच नव्हता.