एक्स्पोर्ट सर आणि बावीस मशीन

कॉम्प्युटरला हुकूम सोडण्याआधी एक्स्पोर्ट सर त्याची विचारपूस करायचे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते लॅब सांभाळायचे, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. कोणाचं काही अडलं की खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "आधी त्याला इचार, त्याच्या मनात काय हाय. मग सांग." आम्हाला सांगायचीच घाई असायची.

नाव आम्हीच पाडलेलं. लॅबचं इंटरनेट म्हणजे आनंदच होता, म्हणून लागणारी सगळी सॉफ्टवेअरची पॅकेजेस सरांनी कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर भरून ठेवली होती. धान्याच्या कणगीवरून त्या मशीनला ते कणगी म्हणत. पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे पॅकेज मॅनेजरने, बाहेर न जाता कणगीतून माल घ्यावा, म्हणून तिचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या आठवणीतल्या एका कप्प्यात, घालावा लागे. ती ओळ 'एक्स्पोर्ट' या शब्दाने सुरू व्हायची, आणि कमांड टाइप करायची खिडकी बंद केली की मशीन ती विसरायचं. सर ती रोज हाताने टाइप करायला लावत. प्रत्येक मॉनिटरवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी असे. कायमची का लिहून ठेवत नाही, असं विचारलं तर म्हणत, "मशीनच्या ध्यानात राहिलं की तुमच्या राहत न्हाई."

मला हे काही पटायचं नाही. मी त्यांचा लाडका, त्यामुळे लॅबचा पासवर्ड माझ्याकडे होता. एका दुपारी ते डबा खायला गेले असताना मी ती ओळ बावीसही मशीनच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये, म्हणजे खिडकी उघडली की मशीन आपोआप वाचतं त्या फाईलमध्ये, कायमची टाकून दिली. काही बदललं तर का बदललं ते वर लिहायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली. म्हणून वर लिहिलं, 'रोजची कटकट बंद'. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं होतं.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कणगीची डिस्क घरघरायला लागली. सरांनी सगळा माल दुसऱ्या मशीनवर हलवला. बाहेरून परीक्षक येणार, म्हणून चिठ्ठ्या काढल्या आणि नवा पत्ता पॅकेज मॅनेजरच्या सेटिंगच्या फाईलमध्येच लिहिला. त्या गडबडीत मशीनला विचारायचं तेवढं राहिलं. आणि व्हेरिएबलमध्ये काही असेल तर पॅकेज मॅनेजर सेटिंगच्या फाईलचं ऐकत नाही; माझ्या ओळीमुळे तिथे जुनाच पत्ता होता. परीक्षा सुरू झाली आणि बावीसही मशीन बंद कणगीचं दार ठोठावत बसली.

सर एकेका मशीनची सेटिंगची फाईल उघडून बघत होते. पत्ता बरोबर होता. मला पहिल्या मिनिटालाच सगळं कळलं होतं, पण खिशात नोकरीचं पत्र होतं. मी मान खाली घालून बसलो. तासाभराने सरांनी व्हेरिएबलमध्ये काय आहे ते स्क्रीनवर छापून बघितलं, मग सुरुवातीची फाईल उघडली, थोडा वेळ वाचली आणि ती ओळ पुसली. परीक्षकांनी विचारलं, कोणाची चूक? सर म्हणाले, "माझीच. मी न इचारता सांगितलं."

त्यांचा करार पुढे वाढला नाही. ते नायगावला, आपल्या गावी गेले. मी तेव्हाही गप्प राहिलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुण्यात नोकरी करताना कुठल्याही सर्व्हरला हात लावण्याआधी मी त्याला विचारून घेतो. सोबतची मुलं हसतात. सात वर्षं असं विचारत राहिलो आणि गेल्या दिवाळीत नायगावला गेलो. स्टँडजवळ सरांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. समोर एक म्हातारे बसले होते आणि सर त्यांना विचारत होते, "मामा, आधी कुठं कुठं जाऊन आलात ते सांगा." माझ्यासाठी त्यांनी चहा मागवला. मी एकदाचं बोललो, "सर, त्या फाईली मी बदलल्या होत्या."

सरांनी बशीत फुंकर घातली. "रोजची कटकट बंद," ते म्हणाले. "वर लिहून ठिवलं होतंस. तेवढं तरी शिकलास म्हणून बरं वाटलं."

"मग मला विचारलं का नाही?"

"मशीनला इचारावं लागतंय, लेका. तू आपणहून सांगशील म्हणून मी वाट बघून राहिलो होतो."

एवढं बोलून ते मामांच्या फॉर्मकडे वळले. माझा चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यालो.